जुन्या वेब्ले रिव्हॉल्व्हरला नवी झिलई द्यावी का?

वारसाहक्काने परवान्यावर आलेले .३२ बोअरचे वेब्ले अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर प्रथम हातात घेतले, की नळीच्या तोंडाशी पांढुरके झालेले पोलाद, सिलिंडरवर फिरून फिरून उमटलेली रेघ आणि मुठीजवळचे तांबूस डाग पाहून बहुतेकांना ते नव्यासारखे करून घ्यावेसे वाटते. ही इच्छा स्वाभाविक आहे, पण ती ज्या समजावर उभी असते तो समज तपासून पाहायला हवा. नवी झिलई म्हणजे भांड्याच्या कल्हईप्रमाणे वरून चढवलेला एक थर, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ब्लूइंग (पोलादावर निळसर-काळा रंग आणण्याची क्रिया) करण्याआधी जुना पृष्ठभाग घासून स्वच्छ व एकसारखा करावा लागतो, आणि त्या घासण्यात गेलेले पोलाद पुन्हा मिळत नाही. त्यामुळे शस्त्र किती कळकट दिसते यापेक्षा, ते उजळण्यासाठी किती धातू आणि त्यावरच्या किती खुणा गमवाव्या लागतील, यावर हा निर्णय अवलंबून ठेवावा.

ब्लूइंगचा निळसर-काळा रंग हा पोलादाच्याच पृष्ठभागावर घडवून आणलेला लोहाचा काळा ऑक्साइड असतो. तो अत्यंत पातळ असतो आणि तेल धरून ठेवण्यापुरतेच त्याचे संरक्षण असते. तो रंग उडाला म्हणून शस्त्र दुबळे झाले असे मुळीच नाही. जुन्या पद्धतीत पोलादाला मुद्दाम हलका गंज आणून, तो उकळत्या पाण्यात काळा करून, सैल थर घासून काढत, हीच क्रिया अनेकदा केली जात असे. पुढे सोडियम हायड्रॉक्साइड आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसवर उकळणाऱ्या द्रावणात भाग बुडवण्याची झटपट पद्धत रूढ झाली. दोन्हींचा रंग वेगळा दिसतो, आणि जुन्या वेब्लेवर नव्या पद्धतीचा चकचकीत काळा रंग जाणत्या डोळ्याला तत्काळ परका वाटतो. काही रिव्हॉल्व्हरांवर मुळातच निकेलचा मुलामा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील .३८ बोअरच्या मार्क ४ नमुन्यांवर तर यंत्राच्या खुणा तशाच ठेवून ‘वॉर फिनिश’ असा शिक्का मारलेला आढळतो. अशा शस्त्राला आरशासारखे पॉलिश करणे म्हणजे त्याला कधीच नसलेले रूप देणे होय. (.३८० आणि .४५५ बोअरची लष्करी काडतुसे चालणारी रिव्हॉल्व्हर भारतात निर्बंधित वर्गात मोडतात; म्हणून घरगुती परवान्यावर सहसा .३२ चेच शस्त्र दिसते आणि पुढील विवेचनही मुख्यतः त्याविषयी आहे.)

कोणताही स्क्रू सैल करण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहावी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीसाठी स्वतंत्र परवाना लागतो, म्हणून शस्त्र केवळ परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडेच सोपवावे. ओळखीतल्या प्लेटिंगवाल्याकडे ‘फक्त नळी चकाकून आणण्यासाठी’ ते देऊ नये. कलम ८ तर थेट याच कामाला लागू पडते. शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखखूण पुसणे, काढून टाकणे, बदलणे वा बनावट करणे त्या कलमाने निषिद्ध आहे. पॉलिशच्या चाकाखाली अनुक्रमांक अर्धवट पुसट झाला, तर ‘हे हेतुपुरस्सर केले नाही’ हे पटवून देण्याची वेळ मालकावर येते, आणि परवान्यावरील क्रमांक शस्त्रावर वाचता न आल्यास पुढील नूतनीकरणात अडचण उभी राहते. शस्त्र सोपवताना क्रमांकासह लेखी पावती घ्यावी. काही शंका असल्यास परवाना देणाऱ्या जिल्हादंडाधिकारी वा पोलीस आयुक्त कार्यालयात आधीच विचारणा करावी.

त्यानंतर यांत्रिक तपासणी करावी. सिलिंडर रिकामा असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेब्लेची नळी पुढच्या बिजागरीवर खाली मोडते आणि घोड्यासमोरच्या कडीने बंद राहते. ही कडी घट्ट बसते का, बंद अवस्थेत नळी डावी-उजवीकडे हलते का, घोडा पूर्ण मागे ओढल्यावर सिलिंडर जागेवर पक्का थांबतो का, तो पुढे-मागे किती सरकतो, नळीच्या आतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) स्पष्ट आहेत का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. शस्त्र ढिले असेल तर सगळा खर्च त्या दुरुस्तीवर व्हायला हवा, आणि बिजागरी किंवा कडीची दुरुस्ती करताना आजूबाजूचा पृष्ठभाग बिघडण्याची शक्यता असल्याने झिलईचा विचार त्यानंतरच करणे योग्य ठरते. यांत्रिकदृष्ट्या खलास झालेल्या रिव्हॉल्व्हरला नवी चकाकी देणे मला धोक्याचे वाटते, कारण पुढचा मालक त्याच्या रूपावर विश्वास ठेवून त्यात काडतूस भरील.

आता पृष्ठभाग वाचण्याची वेळ येते, आणि येथे घाई करू नये. वर्षानुवर्षे साचलेल्या तेलाचा चिकट थर तपकिरी होऊन गंजासारखा दिसतो आणि त्याखाली मूळ निळा रंग शाबूत असल्याचे पुष्कळदा आढळते. म्हणून आधी पातळ तेल लावून शस्त्र एक दिवस तसेच ठेवावे, मऊ सुती कापडाने पुसावे, आणि उरलेल्या तांबूस ठिपक्यांवर तेलात भिजवलेला कांस्याच्या तंतूंचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवावा. एमरी किंवा पॉलिश पेपर वापरू नये. निकेलच्या शस्त्राला अमोनिया असलेले, पितळी भांड्यांसाठीचे पॉलिश लावू नये, कारण निकेलखाली बहुधा तांब्याचा थर असतो, अमोनिया भेगांतून त्या थरापर्यंत पोचतो आणि मुलामा पापुद्र्यांनी सुटू लागतो. स्वच्छतेनंतर तिरक्या उजेडात भिंगाने पाहिले, की रंग कोठे नुसता झिजला आहे, कोठे पोलादाने स्थिर तपकिरी छटा धरली आहे आणि कोठे नारिंगी, भुकटीसारखा जिवंत गंज आहे, हे वेगळे ओळखता येते. झीज आणि स्थिर तपकिरी छटा यांना औषधाची गरज नाही. जिवंत गंज मात्र थांबवलाच पाहिजे.

निर्णयाचा खरा निकष गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या खोलीत आहे. पोलादातला खड्डा भरता येत नाही. तो नाहीसा करायचा तर सभोवतालचा सगळा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. म्हणून खड्ड्यांची तुलना कोरीव अक्षरांशी करावी. वेब्लेवर पंख असलेल्या गोळीचे बोधचिन्ह, बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के, अनुक्रमांक, आणि कधी कधी कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांसारख्या जुन्या विक्रेत्याचे नाव कोरलेले असते. ज्या बाजूला ही अक्षरे आहेत तेथील खड्डे अक्षरांइतकेच खोल असतील, तर खड्डे काढताना अक्षरेही जाणार, हे गृहीत धरावे. अशा शस्त्राला खड्ड्यांसह राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खड्डे नखालाही न जाणवण्याइतके उथळ असतील आणि अक्षरे खोल व तीक्ष्ण असतील, तरच पॉलिश करण्यास जागा आहे असे समजावे. नळीवरच्या पट्टीच्या कडा आणि स्क्रूंच्या छिद्रांचे काठ यांचीही नोंद घ्यावी, कारण मऊ चाकावर धरलेल्या शस्त्राच्या कडा सर्वांत आधी गोल होतात आणि छिद्रांचे काठ खोलगट होतात.

या कसोट्या लावल्यावर मूळ रंग झिजलेला पण एकसारखा असलेले, गंज थांबलेले आणि खुणा स्पष्ट असलेले रिव्हॉल्व्हर आहे तसेच ठेवावे. त्याची झीज म्यानात घालण्या-काढण्याने आणि हाताच्या घामाने झालेली असते, ती कोठे आहे यावरून शस्त्र कसे वापरले गेले हे कळते, आणि नव्या रंगाने ती माहिती पुसली जाते. उलट, शस्त्र आधीच कोणीतरी रंगवून घेतले असेल, तर राखण्याजोगे मूळ रूप उरलेलेच नसते. खड्ड्यांच्या तळाशीही निळा रंग असणे, शिक्के धुतल्यासारखे पुसट असणे, कडा गोल होऊन स्क्रूंच्या खाचा बिघडलेल्या असणे, ही त्याची लक्षणे होत. अशा शस्त्राचे काम पुन्हा नीट करून घेण्यास हरकत नाही. निकेल जागोजागी सुटून त्याखाली गंज पसरत असेल, तर तो मुलामा रासायनिक रीतीने उतरवून घेणे अपरिहार्य ठरू शकते, कारण पापुद्र्याखालचा ओलावा बाहेरून तेल लावून जात नाही.

कानपूरच्या आयुध निर्माणीत तयार होणारे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हरही वेब्लेच्याच आराखड्यावर बेतलेले आहे, पण त्याच्याबाबतीत इतका विचार करण्याचे कारण नाही. ते आजही बनते, आणि त्याला संग्राहकाच्या दृष्टीने मोल नाही. कोकणपट्टीत किंवा मुंबईच्या दमट हवेत रोज बाळगल्या जाणाऱ्या अशा शस्त्राचा रंग गेला असेल, तर गंजापासून संरक्षण म्हणून नवे ब्लूइंग खुशाल करून घ्यावे, मात्र अनुक्रमांकाची काळजी तितकीच घ्यावी. वेब्लेच्या किमतीचे गणित निराळे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना विदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाल्यामुळे देशात असलेल्या जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांना चांगली किंमत येते. ब्रिटन-अमेरिकेतील संग्राहक पुन्हा रंगवलेल्या शस्त्राची किंमत लगेच कमी धरतो; येथील ग्राहक मात्र पुष्कळदा चकाकीलाच भुलतो. केवळ विकण्यासाठी म्हणून शस्त्र चकाकवण्याचा मोह त्यामुळे होतो. तो टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मूळ स्थितीतील शस्त्रे देशात मर्यादित आहेत आणि त्यांची संख्या वाढण्याचा मार्ग उरलेला नाही.

पूर्ण झिलई आणि काहीच न करणे यांच्या दरम्यान एक मार्ग आहे, तो फार कमी लोक विचारात घेतात. जुन्या गंज-ब्लूइंगचाच अखेरचा टप्पा तेवढा वापरून, भाग सुटे करून तेलविरहित केल्यावर ते शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात उकळले, तर लाल गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. नंतर सैल काळी भुकटी मऊ ब्रशने काढली, की पोलाद न घासता गंज थांबतो आणि डाग आजूबाजूच्या रंगात बरेचसे मिसळून जातात. लाकडी किंवा कडक रबराच्या मुठी आधी काढून ठेवायच्या असतात, कारण रबर गरम पाण्याने तपकिरी पडते. सुटे भाग करण्याचे काम परवानाधारक कारागिराचेच आहे. बाटलीतून मिळणारे, थंडच लावायचे ब्लूइंग यासाठी उपयोगाचे नाही. त्यातील सेलेनियम व तांब्याच्या क्षारांमुळे जो काळा थर बसतो तो कमकुवत असतो, लवकर झिजतो आणि मूळ रंगाशी जुळत नाही. एखादा ओरखडा झाकण्यापलीकडे त्याचा वापर करू नये.

पूर्ण झिलईचा निर्णय पक्का झालाच, तर कारागिराशी आधी सविस्तर बोलावे. पॉलिश मऊ चाकावर करणार की लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून हाताने, हा पहिला प्रश्न विचारावा. सपाट बाजू सपाट आणि कडा धारदार ठेवायच्या तर हाताचेच काम हवे. शिक्क्यांच्या जागी पॉलिश करू नये, हे पावतीवर लिहून घ्यावे. स्प्रिंगा कोणत्याही मुलाम्यात घालू नयेत, कारण निकेल चढवताना वापरल्या जाणाऱ्या आम्लाने कठीण पोलाद ठिसूळ होऊ शकते. सिलिंडरच्या खोल्यांतही निकेल जाऊ देऊ नये, नाहीतर काडतुसे अडकतात. गरम क्षारांच्या पद्धतीत बिजागरीच्या फटीत क्षार राहिले, तर ते महिन्याभराने पांढरे होऊन बाहेर येतात आणि तेथेच नवा गंज सुरू होतो, म्हणून भाग धुणे व क्षार निष्प्रभ करणे कसे करतात हेही विचारावे. त्या कारागिराने पूर्वी केलेले, किमान एक पावसाळा पाहिलेले काम दाखवा, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये. शस्त्र देण्यापूर्वी प्रत्येक शिक्क्याचे जवळून छायाचित्र काढावे, आणि परत घेताना त्यांच्याशी ताडून, अनुक्रमांक परवान्यावरील नोंदीशी जुळवूनच ताब्यात घ्यावे.

ज्यांनी शस्त्र आहे तसे ठेवण्याचे ठरवले, त्यांनी ते चामड्याच्या म्यानात साठवू नये. चामडे हवेतील ओलावा शोषून घेते आणि कमावताना राहिलेली रसायने पोलादाला खातात. म्यान केवळ बाळगताना वापरावे. हात लावल्यावर प्रत्येक वेळी घामाचे ठसे पुसून टाकावेत. बाहेरच्या पृष्ठभागाला संग्रहालयांत वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा, आतील यंत्रणेला मोजकेच तेल घालावे, आणि सिलिंडरच्या खोल्या कोरड्या ठेवाव्यात, कारण तेल काडतुसाच्या टोपीत झिरपल्यास ते ऐनवेळी पेटत नाही. जून ते सप्टेंबर या काळात सिलिका जेलच्या पुड्या वरचेवर बदलाव्यात आणि दर पंधरवड्याला बिजागरी, कडी व मुठीखालचा भाग उघडून पाहावा, कारण नवा गंज प्रथम याच तीन जागी दिसतो.