सोलरआधी वीजबिलावरचं नाव बघा

छपरावर सोलर आणि अंगणात गाडीचा चार्जर, दोन्ही करायचे असतील तर कंत्राटदाराला फोन लावण्याआधी वीजबिल बघा. गोव्यात कित्येक घरांची बिलं अजून आजोबांच्या नावावर येतात. पीएम सूर्यघर या छपरावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या अर्जातलं नाव बिलाशी जुळावं लागतं, म्हणून आधी वीज खात्यात नाव बदलून घ्या. वडिलोपार्जित घर असेल तर भावाबहिणींची संमती चतुर्थीला सगळे जमतात तेव्हाच घेतलेली बरी!

मग मंजूर भार, म्हणजे वीज खात्याने तुमच्या घराला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज वापरायला मंजूर केली आहे तो आकडा. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत 2024 ला झालेल्या दुरुस्तीनंतर 10 किलोवॉटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेची, म्हणजे तिथली वीजव्यवस्था तेवढं सोलर पेलेल का याची तपासणी लागत नाही. सूर्यघर योजनेचं अनुदान 3 किलोवॉटला 78,000 रुपये, त्यापुढे वाढत नाही.

चार्जरचा हिशेब वेगळा. 7.4 किलोवॉटचा चार्जर 5 किलोवॉट मंजूर भाराच्या घराला झेपणार नाही. भार वाढवायचा अर्ज करा, किंवा गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागा. त्याच दुरुस्तीने तशी सोय केली आहे. रात्रभर गाडी उभी राहणार असेल तर 3.3 किलोवॉटचाही पुरतो.

आणि बॅटरी नसलेला साधा ग्रिड-जोड (वीज खात्याच्या तारांना जोडलेला) सोलर वीज गेली की बंद पडतो, हे पावसाळ्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा.