मेलबर्नला येताय? मुलांची लसीकरणाची फाईल हातातल्या बॅगेत ठेवा

सामान बांधताना कुकर आठवतो, गोडा मसाला आठवतो, बाळाची गोधडीसुद्धा आठवते. लसीकरणाची फाईल मात्र कपाटातच राहते. आमची नाशिकला राहिली. 2018 साली मुलाला किंडरमध्ये, म्हणजे शाळेआधीच्या बालवाडीत, जागा मिळाली आणि त्यांनी लसीकरणाचं स्टेटमेंट मागितलं. मी म्हटलं, सगळ्या लसी झाल्यात, आमच्या डॉक्टरांचं पत्र मागवते. उत्तर आलं, पत्र चालत नाही. जावेने रात्री जागून फाईलच्या एकेका पानाचे फोटो पाठवले. तरी दोन पानांवरच्या तारखा वाचता येईनात आणि ते डोस पुन्हा द्यावे लागले. एवढ्याशा पोराला उगाच टोचून घ्यावं लागलं, हे मला अजून लागून राहिलंय. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

इथे ‘लस झालीय’ आणि ‘लसीची नोंद आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात 2016 पासून ‘नो जॅब नो प्ले’ (लस नाही तर प्रवेश नाही) कायदा आहे. चाइल्डकेअर (पाळणाघर) किंवा किंडरचा प्रवेश पक्का करायला ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरचं, म्हणजे लसींच्या सरकारी नोंदवहीचं, स्टेटमेंटच लागतं. आपलं माता-बाल संरक्षण कार्ड, खासगी बालरोगतज्ज्ञांची स्टिकर लावलेली फाईल किंवा जीपीचं (इथल्या फॅमिली डॉक्टरांचं) पत्र त्याऐवजी चालत नाही. चाइल्डकेअरच्या फीमधली सरकारी सवलतही याच नोंदीवर अवलंबून असते. प्राथमिक शाळा स्टेटमेंट मागते, पण त्यावाचून प्रवेश अडत नाही.

भारतातले डोस रजिस्टरवर आपल्याला चढवता येत नाहीत. ते काम जीपी किंवा लसीकरण करणारी नर्स करते. माझं मत विचाराल तर आधी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, जा. विंडहॅम, मेल्टन, केसी, व्हिट्लसी, तुम्ही जिथे राहत असाल तिथल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर ‘इम्युनायझेशन’ शोधलं की सत्रांच्या तारखा मिळतात. कम्युनिटी सेंटरमध्ये किंवा एखाद्या हॉलमध्ये सत्र भरतं. काही ठिकाणी वेळ आधी घ्यावी लागते. या नर्सा दिवसभर हेच काम करतात, परदेशी कार्डं त्यांनी भरपूर पाहिलेली असतात आणि राहिलेल्या डोसांचा कॅच-अप, म्हणजे ते भरून काढायचं वेळापत्रक, त्याच आखून देतात. सरकारी वेळापत्रकातली लस जीपीकडेही मोफत असते, पण तपासणीची फी लागू शकते. फोन करतानाच ‘बल्क बिलिंग आहे का?’, म्हणजे फी सरकारकडूनच घेतात का, हे विचारून घ्या. मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) नसलं तरी रजिस्टरवर नोंद होते. मोफत काय आणि पैसे कशाचे, हे मात्र व्हिसावर ठरतं, तेव्हा वेळ घेतानाच व्हिसा सांगा.

कॅच-अपमध्ये बहुतेकांचा गोंधळ होतो तो गोवरावरून. आपल्याकडे गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, कारण तिथे बाळाला लवकर लागण होण्याची भीती असते. पण त्या वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात शिल्लक असू शकते आणि लस तितकी लागू पडत नाही. त्यामुळे इथे तो डोस धरत नाहीत. इथला पहिला डोस 12 महिन्यांना आणि दुसरा 18 महिन्यांना असतो. त्यात भर म्हणजे आपल्या सरकारी एमआर (गोवर-रुबेला) लसीत गालगुंड नाही, इथल्या एमएमआरमध्ये आहे. तेव्हा नर्सने आणखी डोस सांगितला तर आपल्या डॉक्टरांचं चुकलं असं समजू नका. दोन्ही देशांची गरज वेगळी आहे. कांजिण्यांची लस, 12 महिन्यांची मेनिन्गोकोकलची (मेंदूज्वराच्या एका प्रकाराची) लस हेही आपल्या सरकारी कार्डावर नसतं. तोंडावाटे दिलेले पोलिओचे डोस मात्र धरले जातात.

सत्राला जाताना फाईल, मेडिकेअर कार्ड आणि मुलाला सहज वर करता येतील अशा बाह्यांचे कपडे एवढं पुरे. तान्ह्या बाळाला मांडीत टोचतात. नंतर 15 मिनिटं तिथेच थांबवून ठेवतात, तेवढी सवड ठेवून जा. इंग्रजीची अडचण असेल तर 13 14 50 वर भाषा सांगून दुभाषा मागता येतो. सातवीत आणि दहावीत कौन्सिलच्या नर्सा शाळेतच लसी देतात. सातवीतली एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या आणि इतर काही कर्करोगांपासून वाचवणारी) लस मुलग्यांसाठीही असते, तेव्हा संमतीचा फॉर्म ‘मुलींचा असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आता मोठ्यांचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी गोवराचा एकच डोस मिळालाय, तोही नवव्या महिन्यात. 1966 किंवा त्यानंतरचा जन्म असेल आणि दोन डोसांचा पुरावा नसेल, तर व्हिक्टोरियात एमएमआर मोफत मिळते. गरोदर असाल तर ही लस घेता येत नाही, म्हणून दिवस राहण्याआधीच उरकून घ्या.

बाळंतपणासाठी आई किंवा सासूबाई येणार असतील तर डांग्या खोकल्याची लस विसरू नका. गरोदर बाईला ती साधारण 20 ते 32 आठवड्यांदरम्यान देतात, म्हणजे पोटातल्या बाळालाही संरक्षण मिळतं. नवऱ्याला 28 आठवड्यांनंतर मोफत आहे. येणाऱ्या आजीला मात्र पैसे पडतात. तिने बाळाला हातात घेण्याच्या निदान दोन आठवडे आधी, शक्य असेल तर भारतातच घेऊन निघावं. पहिली लस दीड-दोन महिन्यांनी मिळेपर्यंत बाळाला हा खोकला जिवावर बेतू शकतो, आणि घरातलं मोठं माणूसच तो नकळत आणतं.

पहिल्यांदा बाळाला घेऊन भारतात जाल तेव्हा तिकीट काढतानाच जीपीची वेळ घ्या. 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला प्रवासाआधी एमएमआरचा जादा डोस देता येतो. पुढचे दोन डोस तरीही घ्यावे लागतातच. बीसीजी (क्षयरोगाची लस) इथे जन्मलेल्या सगळ्या बाळांना देत नाहीत. भारतात मुक्काम लांबणार असेल तर ती वेगळी मागावी लागते, प्रवासाच्या निदान तीन महिने आधी दिलेली बरी, आणि दर जीपीकडे ती नसते.