मांजात अडकलेली घार: डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत

संक्रांत सरली तरी झाडांत गुंतलेला मांजा महिनोन्‌महिने तसाच राहतो, म्हणून घारी उन्हाळ्यातही त्यात सापडतात. पक्षी उंचावर लटकलेला असेल तर अग्निशमन दलाला बोलवा. विजेच्या तारेवर असेल तर बांबूसुद्धा लावायचा नाही; आधी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

सामान: जाड टॉवेल, चामडी हातमोजे, बोथट टोकाची कात्री, गॉज, सलाइन आणि दोनेक फूट लांबीचा झाकणाचा पुठ्ठ्याचा खोका. खोक्याला भोकं आधीच पाडा, तीही आतून बाहेर, म्हणजे खरबरीत कडा पिसांना लागत नाहीत. तळाला टॉवेल अंथरा. वर्तमानपत्रावर पाय घसरतात.

मागून टॉवेल टाकून डोकं झाका. भीती चोचीपेक्षा नख्यांची, म्हणून आधी दोन्ही पाय धरा, मग पंख अंगाशी मिटवा. छाती मात्र आवळायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते. हातात एकाएकी गप्प झालेली घार माणसाळलेली नसते, बहुधा गुदमरत असते.

आता मांजा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही मदत करणाऱ्यांच्या हातून. खांदा ते मनगट यांच्यामध्ये पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा असतो. मांजा बहुतेकदा तिथेच रुततो. ओढून काढायला गेलात तर काचेची भुकटी लावलेला दोरा करवतीसारखा फिरतो आणि पडद्यातला स्नायुबंध तुटतो. तो तुटला की जखम भरूनही पंख पूर्ण उघडत नाही. म्हणून बाहेरचा दोरा दोन्ही बाजूंना बोटभर सोडून कापा, रुतलेला भाग पशुवैद्यासाठी ठेवा. जखमेवर सलाइनने ओला केलेला गॉज ठेवा. पडदा एकदा वाळला की शिवायला ऊती उरत नाही. रक्त वाहत असेल तर गॉज पाच मिनिटं सलग दाबून धरा. मध्येच उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते.

हळद, तूप, तेलकट मलम काहीही लावू नका. पिसं चिकटतात, पाणी आणि थंडी आत शिरते. चोचीत पाणी ओतू नका: श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध, पोळी, खिमाही नको. धक्क्यात असलेल्या पक्ष्याला अन्न पचत नाही.

खोका बंद, अंधारात, पंख्याखाली नाही. अंग गार लागत असेल तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा पक्षी सरकू शकतो. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर बाटली काढा. फोटोसाठी झाकण उघडायचं नाही. घार कुठे सापडली ते खोक्यावर लिहा. सोडायची तिथेच असते.

पुढचं काम उपचार केंद्राचं. पंख फार दिवस बांधून ठेवला तर सांधा आखडतो, म्हणून पट्टी मधूनमधून सोडून व्यायाम देतात. बसायच्या दांडीला काथ्या गुंडाळतात, नाहीतर तळपायाला फोड येतात. नुसत्या मांसाच्या फोडींनी कॅल्शियम कमी पडतं, म्हणून हाडांसकट खाद्य. मोठ्या पिंजऱ्यात धाप न लागता उडता आलं, दोन्ही पंख सारखे उघडले, तरच सोडतात. तोवर घरी, गच्चीत ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.