जुन्या पियानोचा सांगाडा कसा तपासावा

नागपुरात जुना पियानो विकत घ्यायचा असो की घरातल्या पियानोवर खर्च करायचा असो, बहुतेक जण आधी स्वरपट्ट्या वाजवून पाहतात. अडकणारी पट्टी, हातोडीवरचा झिजलेला फेल्ट किंवा तुटलेली तार हे दोष दुरुस्त होतात. वाद्याचे आयुष्य मात्र सांगाड्यावर ठरते, कारण सव्वादोनशेच्या आसपास असलेल्या तारांचा मिळून सुमारे १८ ते २० टनांचा ताण तो सतत पेलत असतो.

उभ्या पियानोचे वरचे झाकण उघडावे, खालची फळी काढावी आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात बिडाची चौकट पाहावी. तिच्या दांड्या जिथे जुळतात ती जागा आणि बोल्टभोवतालचा भाग विशेष बारकाईने तपासावा. नुसता रंग तडकला असेल तर काळजी नको. पण रेषेवर नख अडकत असेल किंवा तिच्या दोन कडा वरखाली असतील, तर चौकटच फुटलेली असण्याची शक्यता मोठी. बिडाचा सांधा अवघड आणि बेभरवशाचा असल्याने असा पियानो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर पिन ब्लॉक पाहावा. तारा ताणणाऱ्या खुंट्या या लाकडी ठोकळ्यात केवळ घर्षणावर घट्ट बसतात, आणि इथेच नागपूरचे हवामान निर्णायक ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि कोरड्या हवेने लाकूड आकसते. कूलर लावला की त्याच खोलीत ओल येते, आणि श्रावणात तर लाकूड पुन्हा फुगते. त्यामुळे उन्हाळ्यात स्वर उतरणे आणि पावसाळ्यात चढणे स्वाभाविक आहे. मात्र हवामानाचा हा परिणाम शेजारशेजारच्या तारांवर साधारण सारखाच होतो. एकाच स्वराच्या तीन तारांपैकी एखादीच तार ट्यूनिंगनंतर काही दिवसांत उतरत असेल, तर तिची खुंटी सैल आहे. आणि अशा सैल खुंट्या एका रांगेत आढळल्या, तर ठोकळ्याला तडा गेल्याचा संशय घ्यावा. खुंट्या स्वतः फिरवू नयेत. ट्यूनरला प्रत्येक खुंटीचा विरोध ट्यूनिंगच्या चावीने अजमावायला सांगावे. तुरळक सैल खुंट्यांच्या जागी किंचित जाड खुंट्या बसवता येतात, पण ठोकळा बदलणे फार खर्चिक असते. खुंट्यांभोवती चिकट, काळपट डाग असतील, तर सैलपणा झाकण्यासाठी पूर्वी द्रव ओतला असावा, हे ध्यानात घ्यावे.

साउंडबोर्ड म्हणजे तारांचा नाद मोठा करणारी लाकडी फळी. तिच्यावरच्या तड्याला लोक नको तितके घाबरतात. फटीपेक्षा महत्त्वाचे हे की मागच्या आडव्या रिब, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, फळीला चिकटून आहेत की नाहीत. रिब आणि फळी यांच्यात पातळ कागद सरकला आणि जोरात वाजवल्यावर खरखर ऐकू आली, तर सांधा सुटला आहे. तो पुन्हा चिकटवता येतो. अशी तपासणी मेमध्येच करावी, कारण पावसाळ्यात फटी मिटलेल्या दिसतात.

शेवटी घोडी, म्हणजे तारांची कंपने साउंडबोर्डकडे नेणारी लाकडी पट्टी, पाहावी. तिच्यावरच्या बारीक पिनांना जोडत जाणारी चीर असेल, तर तारेला पक्का आधार मिळत नाही आणि एकटी तार वाजवली तरी तिचा स्वर लहरत राहतो. चीर दोन-चार पिनांपुरती असेल तर दुरुस्ती परवडते. संपूर्ण घोडी फाटलेली असेल, तर मोल ठरवताना तो खर्च आधी वजा करावा.