कार्डाचं देणं फेडा, पण लिमिटही राखा

बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात मी बरीच वर्षं खात्यांचा आढावा घ्यायचं काम केलं. कुणाची लिमिट वाढवायची, कुणाची कापायची, त्या याद्या माझ्या टेबलावरून जायच्या. त्यात सगळ्यात वाईट वाटायचं ते इमानेइतबारे फेड करणाऱ्यांचं. फेड चालू असतानाच त्यांची लिमिट कापली जायची आणि पैसे भरूनही क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, खाली यायचे.

हे कसं घडतं ते आकड्यांत बघा, चलन कुठलंही धरा. लिमिट २ लाख, देणं १ लाख २० हजार, म्हणजे वापर ६० टक्के. तुम्ही पोटाला चिमटा काढून ४० हजार भरलेत आणि वापर ४० टक्क्यांवर आणलात. तेवढ्यात बँकेनं लिमिट ९० हजार केली. देणं ८० हजारच राहिलं, पण वापर झाला जवळजवळ ८९ टक्के. स्कोअरमध्ये या प्रमाणाला मोठं वजन असतं. फायको या अमेरिकेतल्या स्कोअर काढण्याच्या पद्धतीत वेळेवर भरण्याला ३५ टक्के आणि अंगावरच्या देण्याला ३० टक्के वजन आहे. २००८-०९ च्या मंदीत आणि पुन्हा २०२० मध्ये अमेरिकेतल्या बँकांनी अशा लिमिटा भराभर कापल्या होत्या.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगते. लिमिट जाईल या धास्तीनं पैसे भरायचं थांबवू नका. लिमिट कापली जाईल की नाही हे सांगता येत नाही, व्याज मात्र लागणारच. महिना ३ टक्के दर धरा. १ लाखाच्या देण्यावर महिन्याचं व्याज ३ हजार. किमान रक्कम ५ टक्के असेल तर तुम्ही ५ हजार भरता आणि मुद्दल फक्त २ हजारांनी उतरतं.

आता लिमिट कशामुळे कापली जाते ते बघू. आढाव्यात आमचं लक्ष जायचं ते अडचणीच्या खुणांकडे. महिनोन्‌महिने फक्त किमान रक्कम भरली जातेय, कार्डावरून रोख काढली जातेय, दुसऱ्या बँकांच्या कार्डांवरचं देणं एकाच वेळी फुगतंय, थोड्या दिवसांत चार ठिकाणी कर्जाचे अर्ज गेलेत, ऑटो-डेबिट परत आलंय. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की खातं यादीत यायचं. दुसऱ्या बाजूला, जे कार्ड कित्येक महिने वापरलंच गेलेलं नाही, त्याचीही लिमिट काढून घेतली जायची.

म्हणून सगळ्यात आधी प्रत्येक कार्डाच्या किमान रकमेचं ऑटो-डेबिट लावा आणि त्या तारखेला खात्यात शिल्लक राहील याची काळजी घ्या. हा फक्त चुकवाचुकवी टाळण्याचा बंदोबस्त. खरी फेड किमान रकमेच्या वर भरलेल्या रकमेनं होते, आणि ती दर महिन्याला जमेल तेवढी हातानं भरायची. किमान रकमेपेक्षा थोडं जरी जास्त भरलं तरी आढाव्यात ते वेगळं दिसतं.

वरची रक्कम भरायची ती बिल तयार होण्याच्या तारखेआधी. बहुतेक बँका बिलावर दिसणारी बाकीच क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, कळवतात. बिलाची तारीख १० आणि भरण्याची शेवटची तारीख ३० असेल, तर ८ तारखेला भरलेले पैसे त्याच महिन्याच्या नोंदीत उतरतात, २८ तारखेला भरलेले पुढच्या. मात्र बिल तयार झाल्यावर त्यावरची किमान रक्कम वेगळी भरावी लागते. आधी भरलेलं त्यात सहसा धरत नाहीत.

कार्डं अनेक असतील तर जास्त व्याजाचं आधी. याला मी एकच अपवाद करते: एखादं कार्ड लिमिटला टेकलेलं असेल तर आधी त्याला थोडा श्वास द्या. देणं असलेल्या कार्डावर नवी खरेदी पूर्ण बंद. मागची बाकी ओढत असताना बिनव्याजी मुदत सहसा मिळतच नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं. उलट फिटलेल्या कार्डावर फोनच्या बिलासारखा एखादा छोटा खर्च ठेवा आणि तो दर महिन्याला पूर्ण भरा. फिटलं म्हणून कार्ड बंद करू नका. वार्षिक फी जड होत असेल तर बिनफीच्या कार्डात बदलून मागा, आणि लिमिट तीच राहील ना, हे आधी विचारून घ्या.

बॅलन्स ट्रान्सफरनं, म्हणजे एका कार्डाचं देणं कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर नेल्यानं, व्याज वाचतं, पण फी आणि सवलतीची मुदत जोडून हिशेब करा. जुनं कार्ड मोकळं झालं की त्यावर पुन्हा खर्च चढू लागतो; तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं. कार्डावरची बाकी ईएमआयमध्ये बदललीत तर तेवढी लिमिट अडकते आणि मुद्दल फिटेल तशी सुटते. सेटलमेंटची, म्हणजे बँकेशी ठरवून कमी रकमेत देणं मिटवण्याची, गोष्ट वेगळी आहे. त्यात कार्ड सहसा बंद होतं आणि नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा वर्षानुवर्षं राहतो. अगदीच इलाज नसेल तरच त्या वाटेला जा.

शेवटची रक्कम भरल्यावर पुढचं बिल उघडून बघाच. बिलाच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं व्याज त्यात येतं. रक्कम किरकोळ असते, म्हणून बिल न बघताच राहून जातं. मग विलंब शुल्क लागतं, आणि फिटलेल्या खात्यावर थकबाकीचा डाग पडतो.

एवढं करूनही लिमिट कापलीच तर लगेच फोन करा, कारण विचारा आणि फेरविचाराचा अर्ज द्या. सोबत उत्पन्नाचा ताजा पुरावा जोडा. बँकेकडे बहुतेकांचं उत्पन्न कार्ड घेतलं त्या वर्षीचंच असतं, आणि ते सुधारून घेतल्यावर लिमिट परत मिळालेली खाती मी स्वतः पाहिली आहेत.