लघवीच्या कल्चरसाठी नमुना कसा द्यावा आणि रिपोर्ट कसा वाचावा

लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून कोल्हापुरात आधी धन्या-जिऱ्याचे पाणी सुरू होते. त्यात गैर काही नाही. मात्र वारंवार लघवीला लागणे आणि ओटीपोटात दुखणेही सोबत असेल तर डॉक्टरांना दाखवावे, आणि थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागले तर त्याच दिवशी.

डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे लघवीतले जिवाणू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी, सांगितले असल्यास अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्यापूर्वीच नमुना द्यावा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर संसर्ग असूनही रिपोर्टमध्ये जिवाणूंची वाढ दिसत नाही, आणि पैसे वाया जातात ते वेगळेच.

डबी लॅबमधूनच निर्जंतुक आणावी. घरची बाटली कितीही घासली तरी चालत नाही. हात व लघवीची जागा धुवावी, पहिली धार सोडून मधली धार डबीत घ्यावी आणि झाकणाला आतून बोट लावू नये. नमुना २ तासांत लॅबमध्ये पोहोचायला हवा, कारण उबेत जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मोजणी फुगते. त्यामुळे गगनबावड्याहून एस.टी.ने डबी घेऊन येण्यापेक्षा कोल्हापुरात लॅबमध्ये येऊनच नमुना देणे बरे. उशीर होणारच असेल तर तो फ्रिजमध्ये ठेवावा, पण २४ तासांपेक्षा जास्त नाही.

रिपोर्टमध्ये आधी जिवाणूचे नाव पाहावे. बहुतेक वेळा ते ई. कोलाय असते, हा आपल्याच आतड्यातला रहिवासी असून स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने तो मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतो. त्याखालोखाल क्लेबसिएला, प्रोटियस, एन्टेरोकॉकस आढळतात. दर मिलिलिटरला १,००,००० किंवा अधिक ही संख्या सहसा संसर्ग दर्शवते, पण लक्षणे असल्यास कमी संख्येलाही महत्त्व असते. तीन-चार प्रकारचे जिवाणू एकत्र दिसले तर बहुधा नमुनाच दूषित झालेला असतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो.

त्याखाली औषधांची यादी असते. ‘एस’ म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. मात्र ‘एस’ दिसले म्हणून गोळी स्वतः निवडू नये : नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात उत्तम काम करते, पण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल तर तिथे ते पुरे पडत नाही, आणि प्रोटियस तर त्याला निसर्गतःच जुमानत नाही.

लक्षणे काहीच नसताना जिवाणू सापडले, तर गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण वगळता सहसा अँटिबायोटिकची गरज नसते.