वाइड रिसीव्हर की रनिंग बॅक? आधी पुढची पाळी मोजा

ऑगस्ट संपत आला की मला ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात: पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर घ्यायचा की रनिंग बॅक? (अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर म्हणजे पास झेलणारा आणि बॅक म्हणजे चेंडू घेऊन धावणारा.) मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि आमच्या बारा संघांच्या फँटसी फुटबॉल लीगची कमिशनर आहे. फँटसीत आपण खऱ्या खेळाडूंचा संघ निवडतो आणि मैदानावरच्या त्यांच्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. नियम लावणं, ड्राफ्टची म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याची वेळ ठरवणं आणि नवीन माणसाला खेळ समजावून सांगणं ही तिन्ही कामं माझ्याकडे. माझं मत ठाम आहे. दोन खेळाडू शेजारी ठेवून ‘यातला भारी कोण’ असं विचारत बसलात तर उत्तर मिळत नाही. तुमची पुढची पाळी येईपर्यंत त्या जागेसाठी कोण शिल्लक राहील, हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

भारतातून नव्याने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी सांगते. ड्रीम इलेव्हनमध्ये हजारो लोक एकच कर्णधार निवडू शकायचे. इथे तसं नाही. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, एक खेळाडू आमच्या फँटसी लीगमधल्या एकाच संघाकडे जातो आणि त्या संघाने सोडेपर्यंत किंवा अदलाबदल करेपर्यंत तिथेच राहतो. निवड सापासारखी वळत जाते. पहिल्या फेरीत 1 ते 12, दुसरीत 12 ते 1, तिसरीत परत 1 ते 12. म्हणून एखादा खेळाडू घेणं म्हणजे बाकी सगळ्यांना पुढच्या पाळीपर्यंत मोकळं सोडणं.

आता नियमांकडे. लीगचं सेटिंग न वाचता ड्राफ्टला बसणारे लोक दरवर्षी भेटतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण निम्मं उत्तर त्या पानावरच असतं. धावून किंवा कॅच घेऊन काढलेल्या 10 यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याला) 6 गुण, हे जवळपास सगळीकडे सारखं. फरक पडतो तो कॅचच्या गुणाने. काही लीगमध्ये प्रत्येक कॅचला पूर्ण 1 गुण, काहींत अर्धा, काहींत शून्य.

2024 च्या मोसमातले दोन खेळाडू घ्या. बाल्टिमोरचा रनिंग बॅक डेरिक हेन्री 1,921 यार्ड धावला, 19 कॅचमध्ये त्याने आणखी 193 यार्ड मिळवले आणि एकूण 18 टचडाउन केले. सिनसिनाटीचा रिसीव्हर जमार चेस याने 127 कॅच, 1,708 यार्ड आणि 17 टचडाउन केले आणि तिन्ही आकड्यांत तो लीगमध्ये पहिला आला. फंबलचे (चेंडू हातातून निसटल्याचे) वजा गुण आणि चेसची किरकोळ धावाधाव बाजूला ठेवून हिशेब करा. कॅचला शून्य गुण असेल तर हेन्री 319.4, चेस 272.8. पूर्ण गुण असेल तर चेस 399.8, हेन्री 338.4. अर्ध्या गुणाच्या लीगमध्ये चेस 336.3 आणि हेन्री 328.9, म्हणजे जवळजवळ बरोबरी. खेळाडू तेच, मोसम तोच, पण एका रकान्यातल्या आकड्याने क्रम उलटला. कुणी नुसतंच ‘यंदा रिसीव्हरच घे’ म्हणालं, तर आधी विचारा की त्यांच्या लीगमध्ये कॅचला किती गुण आहेत.

दुसरी तपासणी जागांची. आमच्याकडे दर आठवड्याला दोन बॅक, तीन रिसीव्हर आणि एक फ्लेक्स उतरवावा लागतो. फ्लेक्समध्ये बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) यांपैकी कुणीही चालतो. बारा संघ म्हणजे दर रविवारी 24 बॅक आणि 36 रिसीव्हर लागणारच, फ्लेक्स वेगळा. एनएफएलमध्ये संघ 32. आजकाल संघ निम्म्याहून जास्त वेळा तीन रिसीव्हर आणि एक बॅक घेऊन मैदानात उतरतात. त्यामुळे कामाचे रिसीव्हर बरेच असतात. बॅकची जागा प्रत्येक संघात मुळात एक, आणि तीही कित्येक ठिकाणी दोघांत वाटलेली. सगळा भार एकट्याने उचलणारे बॅक मोजायला गेलात तर चोवीसच्या खूप आधीच यादी संपते. तुमच्या लीगमध्ये दोनच रिसीव्हर लागत असतील तर चांगला बॅक आणखी मोलाचा. तीन लागत असतील आणि कॅचला पूर्ण गुण असेल तर रिसीव्हरचं पारडं जड होतं.

इथपर्यंत काम घरी बसून होतं. खरी कसोटी पाळी आल्यावर.

2025 मध्ये आमचा ड्राफ्ट गौरी आवाहनाच्या रविवारी रात्री आठला होता. माझा भाचा पुण्याहून खेळतो, त्याच्याकडे सोमवारची पहाट, साडेपाच. त्याला नववी पाळी मिळाली होती. बारा संघांत नववी पाळी म्हणजे त्याचे क्रमांक 9, 16, 33, 40, 57, 64 असे पडतात. हे क्रमांक कागदावर लिहून काढा, कुठलीही पाळी असो. मग दिसतं की 9 आणि 16 यांच्यामध्ये फक्त सहा खेळाडू जातात, आणि तेही 10, 11 आणि 12 नंबरच्या तीनच संघांकडे. पण 16 नंतर 33 येईपर्यंत सोळा खेळाडू जातात. म्हणजे 9 वर निवडताना नजर जवळ ठेवायची आणि 16 वर लांब.

तिसऱ्या फेरीत, 33 वर, त्याचा फोन आला.

“आत्या, माझ्याकडे एक बॅक, एक रिसीव्हर आहे. समोरही एक बॅक आणि एक रिसीव्हर, दोघंही मला सारखेच वाटतायत. कुणाला घेऊ?”

“तुझ्या पुढच्या तिघांनी आत्तापर्यंत काय घेतलंय ते सांग.”

“थांब, बघतो. दहाव्याकडे दोन्ही बॅक. अकराव्याकडेही दोन्ही बॅक. बाराव्याकडे एक-एक.”

“मग रिसीव्हर घे. त्यांना आता रिसीव्हरच लागणार आहेत. बॅक तुझ्यापर्यंत परत येईल.”

40 वर तो बॅक शिल्लक होता. यात अंदाज आहे, खात्री नाही, पण तो समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींवरचा अंदाज आहे. सगळ्या संघांची यादी ॲपमध्ये एका बोटावर असते. नवखे लोक फक्त उरलेल्या खेळाडूंची यादी वर-खाली करत बसतात, शेजाऱ्यांच्या घरात काय आलंय हे उघडून बघत नाहीत.

ही रीत टोकाच्या पाळ्यांना, म्हणजे 1-2 आणि 11-12 ला, सगळ्यात जास्त उपयोगी. तिथे एका बाजूला फार तर एकच शेजारी असतो आणि दुसऱ्या बाजूला वीस-बावीस खेळाडूंची दरी. मधल्या पाळ्यांना, सहा-सातला, दोन्हीकडचं अंतर जवळपास सारखं पडतं आणि शेजारी पाच-सहा. तिथे एवढ्या जणांचं मन ओळखणं अवघड, म्हणून टप्पे बघायचे.

टप्पे म्हणजे काय, तर ड्राफ्टच्या आदल्या रात्री बॅक आणि रिसीव्हर यांच्या दोन वेगळ्या याद्या करा. ज्या नावानंतर तुम्हाला वाटतं की इथून पुढचा खेळाडू सरळ कमी दर्जाचा आहे, तिथे रेघ मारा. दोन रेघांच्या मधले सगळे सारखे धरा. पाळी आली की बघा: या टप्प्यात बॅक किती उरलेत आणि रिसीव्हर किती? बॅक एक उरला असेल आणि रिसीव्हर पाच, तर बॅक घ्या. पाचातला एखादा रिसीव्हर परत येतोच. दोन्हीकडे एकेकच उरला असेल तर कॅचच्या गुणाचा नियम आठवा.

बॅक निवडताना मी तीन गोष्टी बघते: दर सामन्यात चेंडू किती वेळा हातात येतो, त्याच्याकडे पास किती टाकले जातात आणि गोल लाइनजवळ आल्यावर प्रशिक्षक कुणाला पाठवतात. सॅन फ्रान्सिस्कोचा बॅक क्रिश्चन मॅकॅफ्री याने 2023 मध्ये 1,459 यार्ड धावून शिवाय 67 कॅचमध्ये 564 यार्ड काढले आणि एकूण 21 टचडाउन केले. कॅच घेणारा बॅक कुठल्याही नियमात तग धरतो, म्हणून पहिल्या फेरीत बॅक घ्यायचा तर असाच घ्यावा. वाटणीला घाबरून जाऊ नका, पण संघ बघा. डेट्रॉइटमध्ये 2024 ला जमीर गिब्स आणि डेव्हिड माँटगोमरी यांनी काम वाटून घेतलं, तरी धावून गिब्सचे 16 आणि माँटगोमरीचे 12 टचडाउन झाले, कारण त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण डेट्रॉइटनेच केले होते. गुणच न करणाऱ्या संघात अशीच वाटणी झाली तर दोघंही उपाशी राहतात.

रिसीव्हरच्या बाबतीत मी एकच आकडा मोठा मानते: त्याच्याकडे किती पास टाकले जातात. लांब पल्ल्याचे टचडाउन एका वर्षी येतात, पुढच्या वर्षी येत नाहीत. पण क्वार्टरबॅकची, म्हणजे पास टाकणाऱ्याची, सवय सहज बदलत नाही. 2023 च्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजेलिस रॅम्सचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी होता, तेव्हा त्याच संघाच्या पुका नकुआकडे 15 पास आले आणि त्याने 10 कॅच घेतले. एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला नवखा पोरगा, फँटसी लीगमध्ये फारसा कुणी घेतलाच नव्हता. मोसमअखेर त्याचे 105 कॅच आणि 1,486 यार्ड झाले, तोवरचे नवोदितांचे विक्रम. ज्यांनी पहिल्या रविवारी यार्डांच्या जोडीला 15 हा आकडाही वाचला, ते मंगळवारी रात्री वेव्हरवर, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेले खेळाडू उचलायला, तयार होते.

दुखापतीचा मुद्दा टाळता येत नाही. रनिंग बॅकला जवळजवळ प्रत्येक कॅरीवर, म्हणजे चेंडू घेऊन धावताना, कुणीतरी आडवं पाडतं. तोच मॅकॅफ्री 2024 मध्ये बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला गेला आणि चार सामने खेळून, धावून 202 यार्डांवर त्याचा मोसम संपला. रिसीव्हरही जखमी होतात, जस्टिन जेफरसन 2023 मध्ये मांडीच्या स्नायूमुळे सात सामने बाहेर होता. पण फरक पुढे आहे. रिसीव्हर बाहेर गेला की त्याचे पास तीन-चार जणांत वाटले जातात. नकुआसारखा एकहाती वारसदार विरळा. बॅक बाहेर गेला की त्याचं काम बहुतेक वेळा एकाच माणसाकडे जातं. मॅकॅफ्रीच्या जागी उतरलेला जॉर्डन मेसन पहिल्याच सामन्यात जेट्सविरुद्ध 28 वेळा धावला, 147 यार्ड, एक टचडाउन. कित्येक लीगमध्ये तो तोपर्यंत मोकळा होता.

म्हणून माझी रचना अशी असते. पहिल्या तीन फेऱ्यांत भरवशाचा एक बॅक, एकच. अमेरिकेत याला हीरो आरबी म्हणतात, आरबी म्हणजे रनिंग बॅक. त्यानंतर सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत रिसीव्हरचा साठा आणि मध्ये परवडला तर चांगला टाइट एंड. आठव्यापासून पुढे बेंचवर जवळपास सगळे बॅकच, आणि तेही दुसऱ्या क्रमांकाचे, ज्यांच्या पुढचा माणूस पडला तर त्यांना सगळं काम मिळेल. सुरुवातीला एकही बॅक न घेण्याची झिरो आरबी ही पद्धतही चालते, पण तिला दर मंगळवारी वेव्हरवर जागून काम करणारा माणूस लागतो. तेवढा वेळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. उलट सुरुवातीलाच तीन बॅक घेणं मला पटत नाही, विशेषतः तीन रिसीव्हर उतरवायचे असतील तर. तिसरा बॅक फ्लेक्समध्ये बसतो, आणि ती जागा आठव्या फेरीतला रिसीव्हरही बऱ्यापैकी भरून काढतो.

बाय वीकचा, म्हणजे खेळाडूच्या संघाला सामना नसलेल्या आठवड्याचा, विचार पहिल्या आठ फेऱ्यांत करू नका. एका आठवड्यासाठी खालच्या टप्प्यातला खेळाडू मोसमभर पोसावा लागतो.

तुमच्या लीगची फायनल मात्र एनएफएलच्या 17 व्या आठवड्यात संपते ना, हे कमिशनरला विचारून घ्या. 2024 मध्ये फिलाडेल्फियाचा बॅक सॅक्वॉन बार्कली याचे धावून 2,005 यार्ड झाले होते आणि एका मोसमात सर्वाधिक धावण्याच्या, एरिक डिकर्सनच्या 1984 च्या 2,105 यार्डांच्या विक्रमाला गाठायला शंभर, मोडायला 101 हवे होते. तरीही फिलाडेल्फियाने शेवटच्या, 18 व्या आठवड्यात त्याला बसवलं, प्लेऑफसाठी ताजा ठेवायला. तुमची फायनल त्या आठवड्यात असेल तर तगड्या संघातला बॅक ऐन वेळी गायब होऊ शकतो.

भारतातून खेळणाऱ्यांनी वेळ लक्षात ठेवावी. रविवारचे इथले दुपारी एकचे सामने तुमच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेअकराला. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या दीड तास आधी येते, म्हणजे नऊला, मग दहाला. दुखापतीची शंका असलेला बॅक तुमच्या संघात असेल तर त्याचा बदली खेळाडू बेंचवर ठेवा आणि जेवण आटोपलं की ती यादी बघा. त्याचं नाव त्यात असेल तर त्याची अदलाबदल तेव्हाच करा. सामना सुरू झाला की ती जागा कुलूपबंद होते.